पाण्यातला डोंगर

विमान धरणाच्या पाण्यावर उतरायला वळलं. चारी बाजूंच्या डोंगरांनी वारा अडवला होता. पाणी आरशासारखं स्थिर होतं. मागच्या बाईंनी फोटोसाठी मोबाईल उचलला, तेवढ्यात एक म्हातारा होडी घेऊन आला आणि गोल गोल फिरून पाणी ढवळू लागला.

"पाण्यातला डोंगर विस्कटला सगळा. हटवा ना त्याला," बाई वैतागल्या.

"लाटा नसल्या की पाणी किती खाली आहे तेच कळत नाही," वैमानिक म्हणाली. होडी बाजूला झाल्यावर तिने विमान अलगद टेकवलं.

ते थांबेपर्यंत म्हातारा काठाशी होडीत उभाच होता.

"पगारी माणूस आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. माझ्याआधी विमानाची ही फेरी त्यांचा मुलगा करायचा. त्याच्या शेवटच्या फेरीला पाण्यात डोंगर अख्खा दिसत होता."