अंगठ्याखालची ओळ

“ताई, तेवढा अंगठा जरा उचलता का?” फोनवरचा माणूस म्हणाला.

ताईंनी आधी आपला अंगठा पाहिला. तो जागच्या जागी होता. मग त्यांनी सुनावलं की ही थट्टेची वेळ नाही, खाली गाडी उभी आहे. ग्रंथालयाची सगळी जुनी पुस्तकं भरून ती गाडी बारा वाजता लगद्याच्या कारखान्याकडे निघणार होती. पुस्तकं नेटवर गेली, आता कागद कशाला सांभाळायचा, असं साहेबांचं मत पडलं होतं. पुस्तकं नेटवर नेली होती ताईंनी. चार वर्षं त्या कॅमेऱ्याखाली पानं उलटत होत्या. डाव्या हाताने पान दाबून धरायचं, पायाने कळ दाबायची, झाला फोटो. तासाला अकराशे पानं. या झपाट्याबद्दल साहेबांनी त्यांना जाहीर सभेत एक कप दिला होता. चहाचा.

फोनवरचा माणूस थट्टा करत नव्हता. तो घड्याळजी होता. कुठल्याशा दूरच्या गावात, मनोऱ्यावरच्या घड्याळात त्याचा उजवा हात कोपरापर्यंत अडकला होता. फोन डाव्या हातात होता. समोर दोन खिळी होत्या, एक पितळी, एक लोखंडी. एक काढली तर चाक मागे सरकून हात सुटणार. दुसरी काढली तर तीनशे किलोचं वजन खाली जाणार, चाक पुढे फिरणार, आणि हात चाकाबरोबर जाणार. बायकोला फोन केला असता, पण तिने ‘तरी मी म्हणत होते’पासून सुरुवात केली असती. म्हणून त्याने नेटला विचारलं.

नेटने बेचाळीस लाख उत्तरं दिली. बहुतेकांनी त्याला मनगटी घड्याळ विकायचा प्रयत्न केला. एक मात्र नव्वद वर्षांपूर्वीचं पुस्तक निघालं, नेमकं याच जातीच्या घड्याळाचं. पान दोनशे बारावर लिहिलं होतं, ‘हात अडकल्यास घाबरून जाऊ नये. सर्वप्रथम’. त्याच्या पुढे अंगठा होता. तक्रारीसाठी म्हणून खाली ताईंचा नंबर होता.

“कसा आहे अंगठा?” ताईंनी विचारलं.

“नखाला गुलाबी रंग आहे. कडेने उडालाय.”

ताई तीन जिने धावत उतरल्या. ड्रायव्हरमामा गाडी सुरू करून बसले होते. ताई मागच्या बाजूने गठ्ठ्यांवर चढल्या. चार वर्षांत त्यांनी एकही पुस्तक वाचलं नव्हतं, पण कोणतं जाड, कोणाची पाठ सैल, कोणाचा कागद हाताला लागतो, हे त्यांना पाठ होतं. नवव्या गठ्ठ्यात ते सापडलं. पान दोनशे बारा. त्यांनी फोन कानाला लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, त्या पुस्तकातली एक ओळ वाचली.

“सर्वप्रथम पितळी खीळ काढावी. लोखंडी खिळीस स्पर्श केल्यास हातास मुकाल.”

पलीकडे फोन खांद्याशी घासल्याचा आवाज आला. मग खट्ट झालं. मग एका माणसाने इतका मोठा श्वास सोडला की ताईंचा कान गरम झाला.

ताई गठ्ठ्यावरच बसल्या. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी, बहुधा स्वतःचा हात अडकवून घेतलेल्या माणसाने, ही ओळ लिहून ठेवली होती. ज्याचा जन्मही झाला नव्हता अशा माणसासाठी. आज त्या माणसाने हाक मारली आणि बेचाळीस लाखांच्या गर्दीतून ती ओळ उठून त्याच्याकडे निघाली. नव्वद वर्षं ओलांडून आली. शेवटचं बोटभर अंतर राहिलं होतं, आणि तेवढ्यात ताई आडव्या आल्या होत्या.

घड्याळजीने पाची बोटं मोजली, भरली. मग आभार मानून जरा संकोचाने म्हणाला, “ती ओळ दुसरीकडे मिळते का म्हणून तुमची आणखी सात-आठ पुस्तकं चाळली मी मघाशी. सगळ्यांत आहे तो अंगठा. मला वाटलं, तुमच्या ग्रंथालयाचा शिक्काच असेल.”

फोन बंद झाला. बारा वाजले होते. मामांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि मिळालं ना पुस्तक, आता आणखी कुठली उतरवायची आहेत का, असं उगाच आपलं विचारलं.

“सगळी,” ताई म्हणाल्या.