उशाची टाकी

हेरंबराव सकाळी घसा खाकरत उठले. झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावलेला मास्क त्यांनी ओढून काढला आणि उशाशी ठेवलेल्या मशीनकडे पाहिलं. टाकी आजही कोरडीठाक होती.

या टाकीत पाणी ओतावं लागत नसे. मशीन खोलीतल्या हवेतला ओलावा ओढून घ्यायचं आणि रात्रभर हेरंबरावांना दमट हवा पुरवायचं. "नळाचा थेंब लागत नाही!" असं ते अकोल्यातल्या घरी येईल त्याला कौतुकाने सांगत. पण त्यांच्या पत्नी शलाकाताई मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या, आणि तेव्हापासून टाकी भरेना.

त्यांनी तणतणत कंपनीला फोन लावला.

"मशीन ठीक आहे, काका," तिकडची मुलगी म्हणाली. "थंडीत हवेतच पाणी नसतं. आधी खोलीत आणखी कुणी झोपायचं का? मग टाकी त्यांच्याच श्वासातल्या ओलाव्यावर भरत असणार."

हेरंबरावांची नजर पलंगाच्या पलीकडे गेली. तिथे शलाकाताईंचा तांब्या होता आणि फुटलेल्या ओठांना लावायच्या तुपाची वाटी होती. रात्री त्या पाणी प्यायला उठल्या की हे खेकसायचे, "थंडीत कसली गं एवढी तहान?"

त्यांनी बायकोला फोन केला.

"मशीन नीट चालतंय ना हो?" शलाकाताईंनी आधी तेच विचारलं.

"चालतंय. तू रात्री पाणी पितेस ना?"

"गंमतच आहे बघा," शलाकाताई हसल्या. "इथे आल्यापासून तहानच लागत नाही."