ऐपतीचा दाखला

नोटरी जेवायला गेला होता. कधी येईल, ते शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही माहीत नव्हतं. "हेच बाकी होतं," प्रतिक्षा म्हणाली आणि पवनीच्या कोर्टासमोरच्या बाकावर बाबांच्या शेजारी धपकन बसली.

प्रतिक्षा नागपूरला पीएच.डी. करत होती. कोर्टाने जामीन मंजूर करूनही, जामीनदार मिळत नाही म्हणून तुरुंगातच राहिलेल्या माणसांवर तिचा अभ्यास होता. विषय ऐकून सगळे माना डोलवायचे. पैसे मात्र कोणी देत नव्हतं. एका संस्थेला एकटा भंडारा जिल्हा फार लहान वाटला. दुसरीने कळवलं, आधी अनुभव मिळवा, मग अर्ज करा. अनुभव कशाच्या जोरावर मिळवायचा, ते कळवलं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी मुलाखतीत आपुलकीने सुचवलं, की सायबर गुन्हे घ्या, त्यात आता निधी आहे. प्रतिक्षा शिकवण्या घेऊन एसटीचं भाडं काढत राहिली.

शेवटी दिल्लीच्या एका संस्थेने फेलोशिपसाठी तिची निवड केली. आणि अट घातली. संशोधन मधेच सोडलं तर पैसे परत करावे लागतील, तेव्हा मालमत्ता असलेला जामीनदार आणा. ते वाचून प्रतिक्षा आधी हसली. मग तिला हसू आलं नाही.

बाबा, म्हणजे केशवराव, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. अड्याळला त्यांची थोडी धानाची शेती होती. ते लगेच तयार झाले. पण तहसीलचा ऐपतीचा दाखला काढता काढता दोघांच्या नाकी नऊ आले. कधी तलाठी रजेवर, कधी साइट बंद. सातबाऱ्यावर नाव केशव आणि आधारवर केशवराव, त्यावरून पुन्हा सुरुवात. आज दाखला हातात आला होता. सोमवारी तो दिल्लीला पोचायला हवा होता. नोटरीचा एक शिक्का तेवढा उरला होता.

कोर्टाच्या ओसरीत कुंताबाई बसली होती. प्रतिक्षाने तिची मुलाखत घेतली होती. तिचा मुलगा इश्वर वैनगंगेत मासे धरायचा आणि अड्याळच्या बाजारात विकायचा. मोटारपंप चोरीच्या संशयावरून त्याला उचललं. पोळ्याच्या सुमाराला जामीन मंजूर झाला. दिवाळी आली तरी तो भंडाऱ्याच्या तुरुंगातच होता. त्यांची जमीन गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेली. पुनर्वसनाच्या वस्तीत कोणाच्याच नावावर अजून सातबारा नव्हता. मग जामीनदार कुठून यायचा?

अड्याळात ज्यांच्याकडे जमीन होती, त्यांनाही प्रतिक्षा भेटून आली होती, इश्वरला जामीन का राहत नाही ते विचारायला. सगळे गोड बोलले, चहा पाजला. कोणाचा सातबारा कर्जात होता, कोणाच्या मुलीचं लग्न होतं. प्रत्येकाचं बोलणं तिने रेकॉर्ड केलं होतं आणि टाइप करताना दात-ओठ खाल्ले होते.

इश्वरचा वकील ओसरीतून जाता जाता कुंताबाईला सांगून गेला, की उद्यापासून सुट्या लागतात, आज कोणी उभं राहिलं नाही तर आता दिवाळीनंतरच. कुंताबाईने मान हलवली. मग ती उठून बाकापाशी आली. केशवरावांच्या हातातल्या कागदाकडे पाहत राहिली. असा कागद कसा दिसतो, ते एव्हाना तिला पाठ झालं होतं.

"हा तुह्या कामाचा हाये का, माय?" तिने प्रतिक्षाला विचारलं.

"हो मावशी. आता नाही जमणार. पुढच्या वेळेस नक्की पाहू."

कुंताबाईने पुन्हा मान हलवली आणि आपल्या जागी जाऊन बसली. प्रतिक्षाच्या कानात मात्र आपलंच वाक्य घुमत राहिलं. हेच शब्द, याच सुरात, तिने घरोघरी ऐकले होते.

तेवढ्यात नोटरी आला. ढेकर देत खुर्चीवर बसला आणि पुढच्यांना या म्हणाला. प्रतिक्षा उठली नाही. तिला नोटरीचा राग आला, दिल्लीवाल्यांचा आला, अभ्यास करायलाही जामीनदार मागणाऱ्या साऱ्या कारभाराचा आला. कुंताबाईचाही आला, तिने नेमकं आजच विचारलं म्हणून. नोटरीने पुन्हा हाक मारली.

"बाबा," ती खाली पाहत म्हणाली, "हा कागद इश्वरसाठी द्यायचा का?"

केशवरावांनी हातातल्या दाखल्याकडे पाहिलं. कोर्टात दिलेला दाखला कोर्टातच राहणार होता. नवा काढायचा तर पुन्हा तोच तलाठी आणि तीच साइट, आणि दिल्लीची मुदत काही थांबणार नव्हती.

"फेलोशिप जाईन तुही."

"जाईन."

"मले इचारून राहिली का सांगून राहिली?"

"इचारून राहिली, बाबा. जमीन तुमची हाये."

केशवराव उठले. नोटरीच्या टेबलावरून पुढे गेले आणि ओसरीच्या पायऱ्या चढले. वकिलाला शोधून आणायला प्रतिक्षा धावली.

दुपार कलताना पुकारा झाला. न्यायाधीशांनी दाखला उलटसुलट करून पाहिला. जामीनदार कोण, काय करतात, जमीन कुठे आहे, असं एकेक विचारत गेले. आरोपी फरार झाला तर पैसे तुमच्याकडून वसूल होतील, हे समजतं ना, असंही विचारलं. केशवराव हो म्हणाले. शेवटी न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, की आरोपी तुमचा कोण लागतो?

केशवरावांनी मागे वळून पाहिलं. दाराशी प्रतिक्षाजवळ कुंताबाई उभी होती, पदर तोंडाशी धरून. धरणाचं पाणी चढलं तेव्हापासून तिची वस्ती अड्याळच्या शिवेला लागून होती, पण अड्याळचे लोक त्यांना अजून धरणवालेच म्हणत. केशवरावही तेच म्हणत आले होते.

"गावचा हाये, साहेब," ते म्हणाले. "आमच्या गावचा."