कानात सांगितलेलं

"एवढंच म्हणा, की गंमत केली," मेट्रनबाई म्हणाल्या. "दमला होतात, तोंडातून निघून गेलं. संपला विषय."

सुईण टेबलासमोर उभी होती. हात अजून ओले होते, ते पुसायलाही कोणी सवड दिली नव्हती. समोरच्या खुर्चीत बाळाची आजी बसली होती, दुपट्यात गुंडाळलेलं नातवंड छातीशी घट्ट धरून. तिच्यामागे बाळाचा बाप होता, मान खाली घालून, सगळी चूक जणू त्याचीच.

"गंमत नव्हती, मॅडम," सुईण म्हणाली. "मी देव मानत नाही."

त्या गावात बाळ जन्मलं की त्याला पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत द्यायचं, पण त्याआधी सुईणीने त्याच्या कानात देवाचं नाव घ्यायचं. कानावर पडलेला पहिला शब्द जन्मभर पुरतो, असं सगळे मानायचे. या दवाखान्यात ते काम हिचं. केस काळे होते तेव्हापासून ती प्रत्येक बाळाच्या कानाशी वाकत आली होती, आणि ती नेमकं काय पुटपुटते हे कोणी कधी विचारलं नव्हतं. आज बाळंतिणीने विचारलं. "मावशी, मोठ्याने घ्या ना नाव, मलाही ऐकू दे." एका शब्दाचा तर प्रश्न होता, घेतला असता तर जीभ झिजली नसती. पण कोणी सरळ विचारल्यावर खोटं सांगणं हिला जन्मात जमलं नव्हतं. "मी नाव घेत नाही गं, दुसरंच बोलते," ती म्हणाली, आणि आजीने बाळ तिच्या हातातून ओढून घेतलं.

आता व्हरांड्यात माणसं जमली होती. अर्धं गाव हिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे ज्याला त्याला आपापला कान आठवत होता. कोणाचा मुलगा पिऊन पडायचा, कोणाच्या मुलीचं लग्न मोडलं होतं. इतकी वर्षं न सापडलेलं कारण सगळ्यांना एकदमच सापडलं.

"माझी दोन्ही मुलं तुमच्याच हातची आहेत, मावशी," मेट्रनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मला काय तुम्हाला घालवायची हौस आहे? पण बाहेर बघताय ना? उद्यापासून एक बाई तुम्हाला हात लावू द्यायची नाही."

दुसरं कुठलं काम सुईणीला येत नव्हतं आणि नकोही होतं. घरी ती नुसती झोपायला जायची. तरीही 'गंमत केली' एवढं तिच्या तोंडून निघेना.

"हा माझा मुलगासुद्धा हिच्याच हातचा!" आजीचा आवाज चढला. "याच्या कानात काय ओतलं होतंस गं? सांग ना! आता का दातखीळ बसली?"

सुईणीने त्या दाढीवाल्या, खांद्यात वाकलेल्या माणसाकडे पाहिलं. जन्मला तेव्हा एवढासा होता.

"तुम्ही शुद्धीवर नव्हतात, ताई. रक्त थांबत नव्हतं, डॉक्टरांनीसुद्धा हात टेकले होते. तुमची माणसं बाहेर प्रार्थनेला बसली होती. हा माझ्या हातात बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मी याला म्हटलं, 'रडू नकोस. तुझी आई आहे अजून. मी तिला सोडत नाही.' मग याला पाळण्यात ठेवलं आणि तुमच्याकडे वळले."

बापाने पहिल्यांदाच मान वर केली. आजी त्याच्याकडे बघेना.

"मी वाचले ती देवाची कृपा," ती म्हणाली. आवाज मात्र मघाइतका चढा नव्हता.

"तुम्हाला तसं वाटतं ना, मग तसंच असू दे," सुईण म्हणाली. "मला तसं वाटत नाही."

मेट्रनबाईंनी कपाळावर हात मारला. एवढं सगळं ऐकूनही बाईचा हट्ट तसाच! त्यांनी खिडकीतून व्हरांड्यातल्या गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एप्रन ठेवून जा, मावशी."

सुईण बाहेर आली तशी गर्दीने तिला वाट करून दिली, जरा जास्तच रुंद. कालपर्यंत जिला बघून लोक पोरंबाळं पुढे करायचे, तिच्या वाटेतून आज त्यांना मागे ओढत होते. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि रागाहून जास्त वाईट वाटलं, कारण यातल्या एकेकाचं पहिलं रडणं तिने ऐकलं होतं.

धुतलेल्या चादरींच्या खोलीत तिची पिशवी होती. एप्रनची गाठ सोडून तिने त्याची घडी घातली. मागे दार वाजलं. आजी आत आली होती, एकटीच, बाळाला घेऊन. तिने पाठीने दार लोटलं आणि तिथेच टेकून उभी राहिली.

"याला सांगितलंस काही?"

"नाही. तोंड उघडायच्या आत तुम्ही ओढून नेलंत."

बाहेरून पावलं गेली, ती लांब जाईपर्यंत आजी थांबली. मग बाळाच्या कानावरचं दुपटं तिने बोटाने मागे सारलं, बाळ पुढे धरलं आणि स्वतःचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"लवकर," ती म्हणाली. "कोणी यायच्या आत."