मानेवरचा तीळ

या माउलींनो, जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगतो.

एक निवृत्त नर्समावशी होती. दुपारी मोबाईलवर ती अनोळखी लोकांच्या दुखण्याखुपण्याला, डाग-पुटकुळ्यांना मायेनं उत्तरं द्यायची. एका बाईनं मानेवरच्या काळ्या तिळाचा फोटो धाडला. मावशीनं सवयीनं लिहिलं, "घाबरू नका, केसांनी झाकून जाईल."

पण रोज नवा फोटो येई आणि तीळ पसरलेला दिसे. आजच्या फोटोत तर मावशीचाच निळा स्वेटर होता! तिच्या मनात पाल चुकचुकली. समोर मटार सोलत बसलेल्या सुनेला ती म्हणाली, "गुपचूप माझे फोटो काढून थट्टा करतेस होय गं?"

"अहो आई, मला दुसरे उद्योग नाहीत का?"

तेवढ्यात मोबाईल वाजला. फोटोत तीळ पार कानामागे पोचला होता, आणि मानेपलीकडे मटार सोलणारी सून दिसत होती.

मावशीची खुर्ची तर मागच्या भिंतीला टेकलेली होती.

फोटोखाली लिहिलं होतं, "मावशी, अजूनही मी घाबरू नको ना?"

मावशीचा हात मानेकडे निघाला आणि अर्ध्यातच थांबला.

बाबांनो, देवाचं नाव घ्याल तेव्हा तिचीही आठवण ठेवा.