नवी यादी येईपर्यंत

केसरला फिटच्या गोळ्या मिळाल्या. म्हणजे मिळाल्या नाहीत. आमच्या आरोग्य केंद्रात असं काही घडलंच नाही.

घडलं ते एवढंच, की आमचा तालुका नव्या जिल्ह्यात गेला. जुन्या जिल्ह्याची औषधांची यादी रद्द झाली आणि नवी सहीला गेली. गोळ्या माझ्या औषधवाटपाच्या खिडकीमागच्या कपाटातच होत्या, फक्त द्यायच्या नव्हत्या.

केसरची आई, हिराकाकू, गोळ्यांचं रिकामं पाकीट मुठीत धरून खिडकीसमोर येरझाऱ्या घालत होत्या. "मागच्या खेपेला गोळी चुकली तर पोरगी चुलीवर पडली. आता फिटला काय सांगू, सही व्हायचीय म्हणून?"

डॉक्टरबाईंनी नव्या ऑफिसात फोन लावला. "यादी येईपर्यंत रुग्णांना धीर द्या," साहेब म्हणाले.

"किती मिलिग्रॅम?" बाईंनी विचारलं. साहेबांनी फोन ठेवला.

मग बाईंनी माझ्याकडून कपाटाची किल्ली घेतली आणि मला चहा सांगायला पाठवलं. बाई चहा पीत नाहीत. मी परत आलो तेव्हा कपाट उघडं होतं आणि काकू फाटकाबाहेर जवळजवळ पळत होत्या.

संध्याकाळी साठा मोजून जुन्या जिल्ह्याला परत करायचा होता. तीन महिन्यांच्या गोळ्या कमी भरल्या. मी अहवालात कारण म्हणून उंदीर लिहिले. बाईंनी ते वाचलं, माझं पेन घेतलं आणि खाली भर घातली:

"सदर उंदरांना या गोळ्यांचा चांगला गुण आहे. तरी नव्या जिल्ह्यातही त्यांना हेच औषध न चुकता चालू ठेवावे, ही नम्र विनंती."