उराशी धरलेला नकाशा

“बाळाला एवढ्यात ऑफिसात आणू नकोस,” ताईंनी फोनवर बजावलं होतं. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या तिनं ते मनावर घेतलं नाही. ताईंना पोरांची कटकट खपत नाही, हे नकाशे काढणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक होतं. चाळिशी उलटली तरी घरात पाळणा नाही, नवरा नोकरीपायी परगावी, आणि ह्या दिवसभर टेबलावर वाकलेल्या.

तिला मात्र माणसांत यायचं होतं. घरात दिवस दिवस मोठ्या माणसाचा आवाज कानावर पडत नसे. परवा तर भाजी चिरताना स्वतःशीच बोलत होती, आणि स्वतःच दचकली.

आता बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, यावर वाद रंगला होता. ती कडेला उभी होती, कुणाच्या पिशवीसारखी. ताई तर खुर्चीतून हलल्याही नाहीत. पट्टी दाबून एकच रेघ पुन्हा पुन्हा ओढत होत्या.

“अहो ताई, बघा तरी! चावत नाही, दात कुठं आलेत त्याला अजून!” हिशेबनीस म्हणाला. सगळे हसले. “यांचं बरंय बुवा. मनात आलं की सुट्टी टाकायची, गेल्या महिन्यासारखं फिरून यायचं. नाहीतर आम्ही, पोरांची दप्तरं वाहणारे हमाल!”

तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. ताई ताडकन उठल्या. समोरचा नकाशा उचलून उराशी धरला आणि मान खाली घालून बाहेर गेल्या.

तिला ते फार लागलं. बाळाचा एवढा तिटकारा? त्याला छातीशी घेऊन ती पाजायला आडोसा शोधत निघाली. बाथरूमबाहेरची हात धुवायची खोली तेवढी होती. तिनं दार ढकललं.

ताई आरशासमोर उभ्या होत्या. कागदी रुमाल शर्टावर दाबत होत्या. शर्टावर दोन गोल ओले डाग पसरत चालले होते.

ते डाग तिच्या ओळखीचे होते. तिच्याही कुर्त्यावर आत्ताच उमटले होते.

“कुठलंही बाळ रडलं की येतं,” ताई आरशाकडे बघतच म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, आटेल. आटत नाहीये.”

“म्हणजे ती सुट्टी...”

“आधी दोनदा नात्यागोत्यात सगळ्यांना सांगून बसले होते. या खेपेला म्हटलं, सहावा लागला की सांगू. लागलाच नाही.”

तिनं मागचं दार लोटून घेतलं. मग कुठल्याही बाळंतिणीला विचारतात, तेच तिनं विचारलं.

“काय झालं, ताई? मुलगा की मुलगी?”

ताईंचा हात थांबला.

“मुलगी,” त्या म्हणाल्या. “हे मला कुणी विचारलंच नाही गं.”

तुमच्याही ओळखीत कुणी अशीच मोघम सुट्टी संपवून मुकाट्यानं कामाला लागली असेल. आज तिच्या घरची बेल वाजवा. दार उघडायला वेळ लावेल ती. थांबा.